मनोरीला लागलेले नारळ

मुलुंड

मुलुंडला समुद्र नाही, हे मुंबईबाहेरच्या माणसाला पटत नाही. गावाकडचे पाहुणे आले की पहिल्याच संध्याकाळी विचारायचे, "समुद्र कुठल्या अंगाला?" बाबा त्यांना गच्चीवर न्यायचे, येऊरचा डोंगर दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्याच्या मागं आहे. चढून बघायचा असला तर बघा." पाहुणे डोंगराला हात जोडून खाली यायचे.

अशा मुलुंडमधल्या एका कॉलेजात, ऐंशीच्या दशकात, मी सागरशास्त्र शिकले. भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी तो अर्धा पेपर होता. नाव 'सागरशास्त्राची तोंडओळख'. वर्गातल्या बहुतेकांची समुद्राशी ओळख चौपाटीवरच्या भेळेपुरती होती, त्यामुळे नाव काही चुकीचं नव्हतं.

शिकवायला केळुसकर सर. गोल गरगरीत चेहरा, डोक्यावर औषधालाही केस नाही, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा आणि नाकाखाली मिशीची बारीक रेघ. मूळचे कोकणातले, पण बोट लागते म्हणून जन्मभर एस.टी.नं गावी गेलेले. लाटा शिकवताना ते इनॅमलच्या ट्रेमध्ये पाणी घेऊन ट्रे हलवायचे आणि थोड्या वेळानं स्वतःच घाम पुसत खुर्चीत बसायचे. "पुढचं तुम्ही हलवा," म्हणायचे.

माझी मैत्रीण शुभा घाटकोपरहून यायची. तिचे आजोबा मालवणकडून गिरणीत कामाला आलेले, त्यामुळे समुद्र ही आपली वडिलोपार्जित मालमत्ता आहे अशा थाटात ती वर्गात बसायची. पोहता येत नव्हतं. माझी माणसं माण तालुक्यातली. आमच्या घराण्यात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसलं तर दिसलं.

हिवाळ्यात सरांनी सहल जाहीर केली. शनिवार-रविवार, मनोरीला. मालाडच्या पश्चिमेला मार्वे, मार्व्याला खाडी, खाडीच्या पलीकडे मनोरी. मुंबईतच, पण बोटीशिवाय पोचता येत नाही. मुली एका बाईंच्या घरी राहणार, मुलगे दुसरीकडे, सर तिसरीकडे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिथं जाऊन करणार काय?"

"पाणी कुठून कुठं जातं ते बघणार."

"आमच्या माणला कधी येतंय, तेवढं विचारून ये," बाबा म्हणाले आणि परवानगीच्या कागदावर सही केली.

पाणी कुठून कुठं जातं हे बघायला सरांनी नारळ वापरायचं ठरवलं होतं. असोले, सालासकट, म्हणजे तरंगतात चांगले. डझनभर नारळ आणायचे, ओळखू यावेत म्हणून पांढरा तेलरंग लावायचा, त्यावर लाल रंगात आकडे टाकायचे, ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी सोडायचे आणि ते कुठं लागतात ते बघायचं. पुस्तकातला प्रवाहांचा नकाशा बघून सरांनी सांगून टाकलं होतं, की नारळ दक्षिणेला जाणार, म्हणजे आक्सा, मढ, फार तर वर्सोवा. म्हणून अर्धे मुलगे आक्शाला पहाऱ्यावर बसणार होते.

रंगवायचं काम शुभाकडे आणि माझ्याकडे आलं. शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या मागच्या पडवीत आम्ही डबे उघडून बसलो.

"माझ्या आजीला कळलं ना," शुभा म्हणाली, "नारळाला लाल रंग लावून पाण्यात सोडते म्हणून, तर मला घरात घेणार नाही. करणी करतात असली."

"आमच्या घरी नारळ फोडतात तो चटणीसाठी," मी म्हटलं. ते खरंच होतं. आम्ही बौद्ध; बाबांना नवस, उतारा, करणी यातलं एक अक्षर चालत नसे. नारळ हा खायचा पदार्थ आहे, यावर ते रोज बोलू शकत.

पांढरा रंग वाळला. पहिला नारळ मी हातात घेतला, आकडा काढायला ब्रश बुडवला, आणि माझ्या लक्षात आलं की हा नारळ केळुसकर सर आहेत. गोल, गुळगुळीत, वर काही नाही. मी काळा रंग घेतला, चष्मा काढला, चष्म्यात लाल डोळे काढले, खाली मिशीची रेघ ओढली.

शुभानं बघितलं आणि ती पडवीत आडवी झाली. मग उठून म्हणाली, "आता प्राचार्य दे मला."

शेंडीवाला नारळ तिनं प्राचार्यांसाठी निवडला. संध्याकाळपर्यंत आमचा सगळा स्टाफ तयार होता. ऑफिसमधले हेडक्लार्क, लायब्ररीच्या बाई, कँटीनचा मालक. आकड्यांची गरजच काय, प्रत्येकजण ओळखू येत होता. वरचे रंग पुरते वाळायच्या आतच सगळ्यांना गोणत्यात भरून आम्ही तोंड बांधून टाकलं.

मार्वे

टेम्पो पवईवरून आरे कॉलनीत शिरला तेव्हा गारठ्यानं दात वाजत होते. पुढं उजव्या हाताला दिंडोशीच्या टेकडीवर नव्या वसाहतींचं काम चाललं होतं. वर्गातला बोरिवलीचा दिन्या टेम्पोच्या फळीवर उभा राहून गाइड झाला होता. "यहाँ से लेकर वहाँ तक सगळं जंगल. रात्री वाघ. दिवसा बिल्डर."

मार्व्याला उतरल्यावर पहिली गोष्ट मला जाणवली ती म्हणजे वास. सुकत घातलेली मासळी, चिखल, डिझेल. शुभानं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "आहा, घर." मग नाकाला रुमाल लावला.

सरांनी धक्क्यावर उभं राहून घड्याळ बघितलं. ओहोटी लागली होती. नारळ सोडायला भाड्याची छोटी होडी ठरवली होती, पण सर काही त्या होडीत पाय ठेवणार नव्हते. "मी इथून वेळ नोंदवतो," ते म्हणाले. "तुम्ही दोघी जा. एकेक करून, हळूच सोडा. फेकू नका."

आमच्या तर पथ्यावरच पडलं. होडी मधोमध गेल्यावर मी गोणत्याचं तोंड सोडलं. होडीवाल्यानं आत बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवून वल्हं मारत राहिला. आम्ही प्राचार्यांना आधी सोडलं, सेवाज्येष्ठतेप्रमाणे. त्यांनी एक डुबकी मारली, शेंडी वर काढली आणि समुद्राकडे निघाले. मागून हेडक्लार्क. कँटीनचा मालक उलटाच तरंगत होता. सरांना मी सगळ्यांत शेवटी दोन्ही हातांनी पाण्यात ठेवलं. धक्क्यावरून खरे सर ओरडले, "शेवटचा सोडला का?"

"सोडला सर!"

"कसा जातोय?"

"मजेत सर!"

नंतर मनोरीची फेरी बोट. हाकेच्या अंतराचं पाणी, पण सरांनी तेवढ्यात दोन्ही हातांनी कठडा धरला, डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिले. पलीकडे पाय जमिनीला लागल्यावर म्हणाले, "भरतीच्या वेळी जरा जास्त हलते." भरती नव्हती.

मनोरी

बोटीतून उतरून चार पावलं टाकली की मुंबई संपते. वाटेच्या दोन्ही बाजूंना माड, भाताची कापलेली शेतं, कौलारू घरं, घरापुढं चुन्यानं रंगवलेला क्रूस आणि क्रुसाखाली झेंडूची माळ. आमच्याकडे तुळशीला घालतात तशी. इथली बरीच माणसं ख्रिस्ती, पण बोलतात मराठीच, आपल्या वेगळ्या वळणाची. बायका लुगडी नेसतात.

आम्हा मुलींना फिलोमिना आंटींच्या घरी उतरवलं होतं. आंटी ठेंगण्या, गोल आणि सतत घाईत. त्यांच्या बहिणीच्या मुलीचं, रोझीचं, दुसऱ्याच दिवशी लग्न होतं आणि शेजारच्याच अंगणात मांडव घातला होता.

"लग्नान पावने आयले तं बरा," आंटी म्हणाल्या. "जेवाल ना? का कालेजान शिकलेले पोरी जेवत नाय?"

जेवायला तांदळाच्या हातावर थापलेल्या जाड भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण. मी ताटात बघून विचारलं, "हे काय आहे?"

"बोंबील," शुभा म्हणाली.

"हट. बोंबील वाळके असतात. काडीसारखे."

आमच्या घरी बोंबील पिशवीतून यायचा, तव्यावर भाजला जायचा आणि सगळ्या चाळीला कळायचं. तो आधी ओला असतो, मऊ असतो, पाण्यात पोहत असतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आंटींनी कपाळावर हात मारला आणि आणखी दोन वाढले. कालवणात त्यांचा घरचा मसाला होता, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांमधून ठासून भरलेला. आईच्या येसर मसाल्याच्या जवळचा, पण जास्त काळा आणि जास्त भांडखोर.

दुपारी आम्ही खरोखरचं शास्त्र केलं. बादलीनं पाणी काढून तापमान घेतलं. पाणी किती गढूळ आहे हे मोजायला पांढरी थाळी दोरीनं खाली सोडायची असते आणि ती दिसेनाशी कुठं होते ते बघायचं असतं. कॉलेजकडे थाळी नव्हती, म्हणून शुभानं आईचं ताट पांढरं रंगवून आणलं होतं. थाळी दिसेनाशी झाली. दोरी वर ओढली तेव्हाही ती दिसेना. गाठ सुटली होती.

"गढूळपणा भरपूर," सरांनी सांगितलं. शुभा नुसती पाण्याकडे बघत राहिली. तिच्या आईनं त्या ताटावर नाव कोरून घेतलं होतं.

संध्याकाळी मांडवात फुगे तळायचं काम चालू होतं. फुगे म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, तेलात टाकले की टम्म फुगतात. बायका भोवती बसून गात होत्या, मधेच हसत होत्या. रोझी केसांना गुंडाळ्या लावून मधोमध बसली होती. माझ्याच वयाची. तिनं मला विचारलं, "तुमचे लग्नान नवरी हिरव्यान असते ना?"

"आमच्यात नाही," मी म्हटलं. "आमच्यात पांढरी साडी."

"खरा?" ती खूश झाली. "मंग आपली सारखीच."

एवढ्या बायकांमध्ये तिनं मला आपल्या बाजूला घेतलं आणि हातात पिठाचा गोळा दिला. माझा फुगा फुगला नाही. तो तिनं खाल्ला.

तळताना फिलोमिना आंटींनी आम्हाला आतली बातमी सांगितली. मुलगा खाडीपलीकडचा, मढकडचा. चांगला आहे, बोटीवर मेकॅनिक आहे. पण मुलाच्या आईच्या मनात तिच्या भावाची मुलगी होती. पोरानं हट्ट धरला, तेव्हा कुठं ती तयार झाली. रोझीच्या आजीचा अजून त्या बाईवर विश्वास नाही. आजी कोपऱ्यात पाटावर बसून प्रत्येक फुगा नीट तपासत होती, जणू त्यातलाही एखादा पलीकडून आला असेल.

नारळांचा पत्ता नव्हता. सर निश्चिंत होते. "आक्शाला लागले असतील. दिनेश मोजत असेल."

रविवार

सकाळी उरलेले फुगे चहात बुडवून खात होतो, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. आंटी चहाचा कप तसाच ठेवून किनाऱ्याकडे धावल्या. आम्ही त्यांच्या मागे.

माणसं लांब उभी होती, अर्धवर्तुळ करून. मधे, भरतीनं आणून टाकलेल्या शेवाळाच्या रेघेवर, आमचा सगळा स्टाफ पडला होता.

रात्रभर पाण्यात राहून रंग ओघळला होता. लाल डोळ्यांतून लाल धारा गालांवर आल्या होत्या. हेडक्लार्कांच्या तोंडाचा नुसता काळा खड्डा उरला होता. प्राचार्य शेंडी वर करून गावाकडे बघत होते आणि एक कुत्रं त्यांच्यावर भुंकत होतं, पण जवळ जात नव्हतं.

"वाट लागली," शुभा माझ्या कानात म्हणाली.

रोझीची आजी लाल लुगड्यात, लग्नाचे सगळे दागिने घालून, वाळूतच बसली होती. "माजे नातीचे लग्नाचे दिशी," ती म्हणत होती. "रगत रडतान ते. बघा, रगत रडतान."

सर्वात वाईट हे की तेवढ्यात पलीकडून नवऱ्याची बोट आली. बँडवाले आधी उतरले, वाजवतच. लोकांची तोंडं बघून एकेक वाद्य बंद पडलं. ढोल सगळ्यांत शेवटी थांबला. मग नवरा उतरला, कोटाला फूल लावलेला, आणि त्याच्यामागून त्याची आई. पोपटी लुगडं, कोपरापर्यंत सोनं, बाई उंच आणि दणकट.

आजी उठली. "तू केलास ह्यो! तुमचे बाजूशी आयले नारल!"

नवऱ्याच्या आईनं नारळांकडे बघितलं. घाबरली ती पण, ते दिसलं. पण माघार घेणाऱ्यातली नव्हती. "मी नारल पाठवन? अगो मी असती तं खोबरा खाऊन करवंटी पाठवली असती!"

"तुला तुजे भावाची पोर हवी होती!"

"हवी होती! अजून हाय! बाजा उचला रं, बोटीन बसा. असले घरान माजा पोर देत नाय मी!"

बँडवाले गोंधळून कधी इकडे, कधी बोटीकडे बघायला लागले. नवरा "आय, आय" करत मधे उभा. कुणीतरी मागून रोझीला घेऊन आलं होतं. पांढरा झगा वर धरून ती अनवाणी वाळूत उभी राहिली. तिनं नारळांकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला.

शुभानं माझा हात घट्ट धरला. "गप्प बस. कॉलेजला कळलं तर सहल बंद, पेपर बंद, सरांची नोकरी जाईल. तुझे बाबा तुला परत कुठं सोडतील का?"

सगळं खरं होतं. पण नारळ त्या बाजूनंच आले होते हेही खरं होतं, आणि ते तिथून कुणी सोडले हे त्या किनाऱ्यावर आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी हात सोडवला आणि अर्धवर्तुळाच्या आत गेले.

"आजी, ते आमचे आहेत. कॉलेजचे. काल आम्ही सोडले, मार्व्याच्या धक्क्याजवळून. पाणी कुठं जातं ते बघायला. ते रक्त नाही, तेलरंग आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पानी बगाला नारलाला डोले कशाला?"

प्रश्न रास्त होता. नवऱ्याची आई म्हणाली, "पोर खोटा बोलते. तुमचीच पावनी ना ती? तुमचे घरान राहते ना?"

इतक्यात सर आले. पॅंट घोट्याच्या वर दुमडलेली, हातात होकायंत्र. कुणीतरी त्यांना वाटेतच सगळं सांगितलं होतं. त्यांनी हात वर केला, आणि त्यांच्या टकलाला, चष्म्याला मान देऊन लोक गप्प झाले.

"काल आम्ही नारळ सोडले, हे बरोबर आहे," सर म्हणाले. "पण आमचे नारळ दक्षिणेला गेले. शिवाय त्यांवर आकडे होते." त्यांनी वाकून प्राचार्यांकडे बघितलं. "यावर आकडा नाही. हे आमचे नव्हेत."

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आजीनं छाती पिटली. नवऱ्याची आई वळली आणि सरळ बोटीकडे चालायला लागली.

"सर," मी म्हणाले, "आहेत आपलेच."

"कशावरून?"

मी शेवाळातून तो नारळ उचलला. त्याचा रंग सगळ्यांत कमी ओघळला होता, कारण चष्मा काळ्या रंगात जाड काढला होता. वाळू पुसली आणि तो सरांसमोर धरला.

"हे तुम्ही आहात सर."

सरांनी नारळाकडे बघितलं. नारळानं सरांकडे बघितलं. आजी पुढं आली. तिनं नारळ माझ्या हातातून घेतला, त्याला हात लावायची भीती विसरून, आणि सरांच्या गालाशी नेऊन धरला. मान कलती करून बघितलं.

"चश्मा काड," ती सरांना म्हणाली.

सरांनी काढला.

"घाल."

सरांनी घातला.

बोटीकडे निघालेली नवऱ्याची आई थांबली होती. ती परत आली, आजीच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही बघितलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. तिचे खांदे हलायला लागले. आधी नुसतेच हलले. मग तिच्या पोटातून असं हसू बाहेर पडलं की बांगड्या वाजल्या. आजी तिच्यावर रेलली. एवढ्या वेळ भांडलेल्या त्या दोन बायका एकमेकींना धरून, डोळ्यांतून पाणी गाळत हसत होत्या, आणि त्यांच्या मागे सगळा किनारा हसत होता. नवरा हसला. रोझी हसली आणि हसता हसता रडली. शुभा आता धीर येऊन पुढे झाली आणि बाकीच्यांची ओळख करून द्यायला लागली. हे हेडक्लार्क. ह्या लायब्ररीच्या बाई. ह्यांच्या शेंडीला हात लावू नका, हे प्राचार्य.

फक्त सर हसत नव्हते. त्यांनी आजीच्या हातातून नारळ घेतला आणि उलटासुलटा करून बघितला.

"मिशी जरा जाड झालीय," ते अखेर म्हणाले. मग होकायंत्र उघडलं आणि लोकांकडे वळले. "आता मला एक सांगा. मी नक्की कुठं लागलो?"

मग काय, सगळं गाव शास्त्राला लागलं. कुणी म्हणालं लायब्ररीच्या बाई त्या खडकाशी होत्या, पोरांनी हलवल्या. कुणी कँटीनच्या मालकाला पहाटे तिकडं वर पाहिलं होतं. बँडवाल्यांनी सनई खाली ठेवून अंतर मोजायच्या दोरीचं टोक धरलं. शेवटी चर्चची घंटा वाजली तेव्हा फिलोमिना आंटी सगळ्यांना हाकलत लग्नाला घेऊन गेल्या. आम्हीही गेलो, मागच्या बाकावर बसलो. आमच्या लग्नात वंदना होते, सगळे पांढरे कपडे घालून शांत बसतात, तशीच ती शांतता होती. सर पुढच्या रांगेत होते. आजीनं हाताला धरून नेऊन बसवलं होतं.

दुपारी जेवणावळ. आक्शावर पहारा करून दिन्या आणि मंडळी भाजलेल्या तोंडानं येऊन पोचली. एकही नारळ न दिसता त्यांनी आदल्या दुपारपासून पाळ्या लावल्या होत्या. "सर, दक्षिणेला काही नाही आलं," दिन्या म्हणाला.

"दिसतंय," सर म्हणाले.

शुभानं पिशवीतून पुस्तक काढलं. प्रवाहांचा तो नकाशा उघडला, आणि खालची बारीक ओळ सरांना वाचून दाखवली. तो नकाशा पावसाळ्यातला होता. थंडीत किनाऱ्यालगतचं पाणी उलट, उत्तरेकडे सरकतं. पुढच्या पानावर तोही नकाशा होता. ते पान कुणी उलटलंच नव्हतं.

सरांनी फुग्याचा घास चावून संपवला. "परीक्षेत असं लिहू नका," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "नाही, असंच लिहा. पेपर मीच तपासणार आहे."

कॉलेजला त्यांनी काय कळवलं ते आम्हाला पुढं ऑफिसातून कळलं. 'नारळ अपेक्षेपेक्षा निराळ्या ठिकाणी लागले. स्थानिक रहिवाशांचे उत्तम सहकार्य लाभले.' प्राचार्यांचं खोबरं त्या दिवशी कोंबडीच्या रश्श्यात गेलं आणि रस्सा उत्तम झाला होता, हे मात्र त्यांनी कळवलं नाही.

पुन्हा मार्व्याकडे

संध्याकाळी परतीची बोट एकच होती, त्यामुळे वऱ्हाड आणि सागरशास्त्र एकत्रच निघालं. मनोरीच्या धक्क्यावर रोझीची आई पदर तोंडात धरून उभी होती, आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बोट सुटली. सर कठडा धरून डोळे मिटून बसले. त्यांच्या शेजारी नवऱ्याची आई त्यांना आलं चघळायला देत होती.

रोझी झगा गुडघ्यापर्यंत गोळा करून माझ्याजवळ बसली. मागे बघत होती. मग म्हणाली, "काल नारल इथनंच सोडलं ना तुमी?"

"हो. त्या तिथून."

"आनि आमचे गावाला लागलं."

"हो."

"मंग माजे आयनं तिकडनं काय सोडला, तं मना भेटंल?"

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण नुकतंच सगळ्या गावादेखत शास्त्र शिकून झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "थंडीत पाणी वर जातं. आई सोडेल ते गोराईकडं जाईल. पण तू इकडून सोडलंस तर आईला मिळेल."

तिनं पुन्हा मागे वळून बघितलं. धक्का आता मागे पडला होता, आईचं लुगडं ओळखू येत होतं एवढंच.

"पावसाळ्यात उलटं होतं," मी घाईनं म्हटलं. "तेव्हा आई सोडेल ते तुझ्याकडं येईल."

रोझीनं हातमोज्यानं नाक पुसलं. तिनं पुढं बसलेल्या पोपटी लुगड्याच्या रुंद पाठीकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग परत पाठीकडे.

"थंडी कवापरत हाय?" तिनं हळूच विचारलं.

"अजून दोनेक महिने तरी."

"मंग घाई नाय," ती म्हणाली. "आदी सासूला सोडते."